सम्हा मावेल एवढा हौदा

हमूदला हल्ली एकाच कपात कॉफी पुरायला लागली होती, आणि गुबैशाला हे वागणं मुळीच पसंत नव्हतं.

तिचा थोरला मुलगा तिसऱ्या कपाशिवाय कधी उठला नव्हता. आता पहिला कप रिकामा झाला की मनगट हलवून परत द्यायचा. कप हलवून 'पुरे' म्हणायचं ते परक्याच्या घरी. आईच्या झोपडीत बसून कप हलवणारा पोरगा एक तर आजारी असतो, नाही तर त्याच्या पोटात काहीतरी दडलेलं असतं. हमूद आजारी नव्हता. परवाच त्यानं बकरीची अख्खी मांडी एकट्यानं संपवली होती.

शिवाय तो फोन. फोन वाजला की उठून टेकाडामागं जायचा. जाताना चप्पलसुद्धा घालायचा नाही, एवढी घाई. आणि दर बुधवारी शहरात, इब्राला.

"काय काम असतं रे इब्राला?"

"संघाचं काम, आई."

"संघाच्या कामाला अंगाला अत्तर लावून जातोस?"

"लोक भेटतात, आई. उंटाचा वास घेऊन कसं जायचं?"

त्या वासावरच तू वाढलास, असं गुबैशाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. वाळूत पाणी मुरलं की वरून काही दिसत नाही, पण हात घालून बघितलं तर ओल लागतेच. गुबैशा हात घालायची वेळ बघत होती.

संघ म्हणजे लांब हौदावाल्यांचा संघ. बिदिया गाव सोडून आत वाळूत शिरलं की ज्याच्या-त्याच्या झोपडीपुढं एकाच जातीची गाडी उभी असायची. दोन दारं, पुढं तिघांना पुरेल एवढी बैठक, हातानं टाकायचा गिअर आणि मागं लांबच लांब उघडा हौदा. गुबैशाची गाडी हमूदच्या लग्नाआधीची होती. नवरा गेल्यावर तीच चालवायची. वाळूच्या कड्यावरून खाली उतरताना भलेभले पुरुष डोळे मिटायचे, ती एका हातानं खजूर खायची.

पण समुद्रापलीकडच्या कंपनीनं कळवलं की आता ही गाडी बंद. इथून पुढं फक्त चार दारांची येईल, आपोआप गिअर बदलणारी, हौदा आखूड, आणि आत बूड गार करणारी खुर्ची.

"कुणाचं बूड तापलंय म्हणे?" गुबैशानं विचारलं होतं. "तिकडं थंडीत बसून हे ठरवणार वाळूत काय चालायचं! उंटावरून शेळ्या हाकतात मेले, आणि उंटसुद्धा कधी बघितलेला नसतो."

उंटाचाच तर प्रश्न होता. गुबैशाची उंटीण सम्हा आता म्हातारी झाली होती. दूर कुठं पाऊस पडून चारा उगवला की तिला तिथं न्यायची, गाभण असली की डॉक्टरकडं न्यायची, ते सगळं हौद्यातून. वाळूच्या उंचवट्याला गाडी मागं घेऊन टेकवायची, फाळका पाडायचा, सम्हाला चालवत आत घ्यायचं आणि घशातून खरखर आवाज काढत बसवायचं. मग पुढचे गुडघे दोरीनं बांधले की ती रवंथ करत राणीसारखी बसायची. तिच्या बसलेल्या अंगाला जेवढा लागतो तेवढाच तो हौदा होता. एक वीत कमी असता तर शेपटी रस्त्यावर लोळली असती.

आणि गाडीची चेसी तडकली होती. बिदियाच्या गॅरेजवाल्यानं दोनदा जोडून दिली. तिसऱ्यांदा त्यानं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला. "खाला, आता मी वेल्डिंगलाच वेल्डिंग लावतोय. आत लोखंड उरलेलंच नाही. हा हिवाळा काढील. पुढचं अल्ला जाणे."

पुढचं गुबैशालाही ठाऊक होतं. गाडी गेली की उंट विकायचे आणि बिदियाला हमूदच्या सिमेंटच्या घरात, एसीखाली, भिंतीकडं बघत बसायचं. सून रय्या मधूनमधून म्हणायचीच, "मागची खोली रिकामीच आहे, अम्मा." सून रिकाम्या खोलीची आठवण दोनदा करते तेव्हा ती खोली आधीच झाडून ठेवलेली असते.

म्हणून हमूदनं संघ काढला तेव्हा गुबैशाची छाती फुगली. त्यानं लांब कागद केला. 'आम्हाला दोन दारांची, लांब हौद्याची, हातगिअरचीच गाडी हवी.' खाली पहिला अंगठा गुबैशाचा. मग त्यानं वाळू पालथी घातली आणि तीनशे अंगठे, सह्या गोळा केल्या. कंपनीचा इब्रातला माणूस, बद्र त्याचं नाव, म्हणाला, कागद वर पाठवतो, पण कंपनीला बुकिंग लागतं. आपल्या भागातून इसार देऊन दहा बुकिंग आली, तर लांब हौद्याची एक शेवटची खेप पाठवतील. मुदत रमजानच्या आदल्या महिन्यापर्यंत.

गुबैशानं त्याच आठवड्यात सम्हाचं पिल्लू विकलं. पैसे मोजलेसुद्धा नाहीत, तसेच फडक्यात बांधून हमूदच्या हातात दिले. चार दिवसांनी तो म्हणाला, "झालं आई, तुझं बुकिंग झालं." आणि तिनं दुसरा कप ओतायच्या आत मनगट हलवलं. हलवायला लागला तो तेव्हापासूनच. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्यातच पट्टा हरवला.

नव्या गाडीच्या आरशाला टांगायला तिनं उंटाच्या गळपट्ट्यासारखा एक पट्टा विणला होता. काळ्यावर लाल, आणि कडेनं पांढऱ्या दातांची ओळ. ती प्रत्येक पट्ट्यात एक दात मुद्दाम चुकवायची, पूर्ण चीजेला नजर लागते म्हणून. या पट्ट्यात शेवटून तिसरा दात नव्हता. पेटीवर घडी करून ठेवला होता, तो गेला.

तिनं आधी रय्याला धरलं.

"तुझ्या माहेरी लग्न आहे ना गं?"

"आहे. का?"

"भावाच्या उंटाला गळपट्टा लागत असेल."

रय्याच्या कडेवर धाकटं रडत होतं, दोघं पायांत घुटमळत होते. ती म्हणाली, "अम्मा, माझ्या भावाकडं उंट नाही, टॅक्सी आहे. तुमच्या मुलाला विचारा. पेटीपाशी मी नाही, तो बसला होता."

गुबैशाला उत्तर आवडलं नाही. पण खोटंही वाटलं नाही, आणि तेच जास्त टोचलं.

बुधवारी इब्राच्या शोरूमात सगळ्यांना बोलावलं होतं. मस्कतहून कंपनीचे मोठे साहेब येणार, खेपेचं काय ते सांगणार.

"तू येऊ नकोस, आई," हमूद म्हणाला. "ऊन फार आहे."

"ऊन?"

"म्हणजे गर्दी पण असणार. पुरुषांची."

"मी जन्मले ती उन्हात, आणि पुरुष मी पाच जन्माला घातलेत. दोन्हीला मी भीत नाही."

तो तसाच निघून गेला. गुबैशानं मुखपट्टा नीट बांधला, सम्हाची गुडघ्याची दोरी घेतली आणि त्याच्या मागोमाग आपली तडकलेली गाडी काढली. दोरीला एक गाठ होती. टोकापासून गाठीपर्यंत बसलेल्या सम्हाची लांबी. दाखवतील ती गाडी लांब हौद्याचीच आहे की कंपनीनं हातचलाखी केली, ते ती स्वतः मोजणार होती. बद्रवर तिचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. त्या पोराची नखं फार स्वच्छ होती.

शोरूमात काचा एवढ्या पुसलेल्या की म्हातारा मुसब्बह दार समजून भिंतीवर आपटला आणि कपाळ चोळत म्हणाला, "इथं न दिसणारंच जास्त आहे." कॉफी यंत्रातून येत होती. गुबैशानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. हलवलासुद्धा नाही, यंत्राला कसलं 'पुरे' सांगायचं?

मस्कतचे साहेब आलेच नाहीत. बद्र एकटाच उभा राहिला. गळ्याशी हात नेत म्हणाला, "मंडळी, वाईट वाटतं. मुदत गेल्या गुरुवारी संपली. दहा बुकिंग लागत होती, नऊ आली. खेप रद्द झाली. नऊ जणांचा इसार परत मिळेल."

एकच गलका झाला. आणि सगळ्यात मोठा आवाज हमूदचा.

"ठरवून फसवलंय! तीनशे अंगठे दिलेत आम्ही! कंपनीला दोन दारांची गाडी बनवायचीच नव्हती. आधी ठरवायचं आणि मग आम्हाला नाचवायचं!"

लोक हमूदच्या पाठीवर थापा मारायला लागले. गुबैशाला वाटलं, असाच असावा माझा पोरगा. पण तिची बोटं आपोआप मोजायला लागली होती. मुसब्बह एक. त्याचा भाऊ दोन. विहिरीवालं घर, तिथले तिघे, पाच. सिनावच्या वाटेवरचे चौघे, नऊ. आणि ती स्वतः, दहा.

तिनं बद्रला कोपऱ्यात गाठलं.

"पोरा, मला शाळा नाही, पण बोटं दहा आहेत. माझं बुकिंग कुठं गेलं?"

"खाला, तुमचं बुकिंग नाही."

"खोटारड्या! उंटिणीचं पिल्लू विकून पैसे दिलेत मी."

"मला नाही दिलेत."

"यादी वाच."

बद्रनं वाचली. नऊ नावं. तिनं मोजलेली तीच नऊ.

"मग माझे पैसे कुणी खाल्ले? तूच! म्हणूनच तुझी नखं एवढी स्वच्छ. हात न लावता गिळतोस."

बद्रचा चेहरा उतरला. त्यानं एकदा हमूदकडं बघितलं, एकदा मागच्या आवाराकडं, आणि मान खाली घातली. गुबैशानं दोन्ही नजरा पकडल्या.

"खाला, या यादीबाहेरच्या गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही. तो आमचा नियम आहे. पण एक सांगतो. तो कागद मी स्वतः वर पाठवला. तिकडून एकच उत्तर आलं: अंगठे गाडी विकत घेत नाहीत. तीनशे लोकांनी लांब हौदा मागितला, घेणारे निघाले नऊ. आणि ते तीनशे गेल्या वर्षात काय घेऊन गेले, तेही त्यांनी मोजलं. सगळ्या चार दारांच्या. आता मागच्या आवारात उभ्या आहेत ना, त्यासुद्धा तुमच्याच वाळूतल्यांनी घेतलेल्या आहेत. लोक दिवसा मागतात एक आणि शनिवारी हळूच येऊन नेतात दुसरी."

"वाळूतला माणूस असं करणार नाही."

"बरं, खाला."

त्याचं ते 'बरं' तिला मुस्काटात मारल्यासारखं लागलं. भांडणारा खोटं बोलत असतो. हा भांडत नव्हता.

ती मागच्या आवारात गेली. चार दारांच्या पाच गाड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या होत्या, हलव्याच्या डब्यांसारख्या चकचकीत. तिनं पहिलीच्या हौद्यावरचं प्लास्टिक सारलं आणि दोरी लावली. गाठ फाळक्याच्या बाहेर हातभर लोंबली. म्हणजे सम्हाचं निम्मं बूड रस्त्यावर. दुसरीला लावली, तेच. खुर्ची गार करायला जागा होती, उंटिणीला नव्हती.

तिसरीला दोरी लावायला ती वाकली, आणि तिला काचेतून दिसलं.

आरशाला पट्टा टांगलेला होता. काळ्यावर लाल. कडेनं पांढरे दात. शेवटून तिसरा दात नव्हता.

गुबैशानं काचेला नाक लावलं. आधी मनाला दुसऱ्या वाटा दाखवून पाहिल्या. बद्रनं चोरला असेल. पण बद्रच्या सात पिढ्यांत कुणाला कळलं असतं की तो कुठं टांगायचा? हमूदनं कुणाला दिला असेल. पण आईनं विणलेला पट्टा कुणी कुणाला देत नाही. खरं काय ते तिच्या हाडांना आधीच कळलं होतं. वाळूतला माणूस नवी कोरी गाडी उघड्या नजरांपुढं एक रात्रसुद्धा बिनपट्ट्याची सोडत नाही. तो ती गाडी गावापासून लपवेल, संघापासून लपवेल, आईपासून लपवेल. पण नजरेपासून राखायला आईनं विणलेला पट्टाच टांगेल. दुसऱ्या पट्ट्यावर त्याचा विश्वासच बसणार नाही. एवढं तरी तिनं त्याला शिकवलं होतं.

ती आत आली. हमूद खुर्चीवर चढून बोलत होता.

"...या कंपनीला आपली किंमत नाही!"

"हमूद," ती म्हणाली. शोरूम शांत झालं. उम्म हमूदचा, हमूदच्या आईचा, आवाज सगळ्यांना ठाऊक होता. "माझं बुकिंग कुठं गेलं?"

तिनं त्याला एक वाट मोकळी ठेवली होती. आता तरी खरं बोल, एवढीच. हमूदनं ओठांवरून जीभ फिरवली.

"यांनीच गाळलं, आई. तेच तर सांगतोय मी. दहावं नाव यांनी खाल्लं."

मुसब्बह चवताळून बद्रवर धावला. "ए, या म्हातारीचा इसार देतो का—"

"बस खाली, मुसब्बह," गुबैशा म्हणाली. "बद्र, तुझ्या आवारातली तिसरी गाडी उघड आणि आरशाला आहे ते आण."

बद्र हलला नाही. त्यानं हमूदकडं बघितलं. गिऱ्हाइकाचा नियम. हमूद खुर्चीवरून खाली उतरला, पाऊल चुकलं आणि जमिनीवर हात टेकला. मग त्यानं खिशातून स्वतःच किल्ली काढली आणि बद्रकडं न बघता पुढं केली. 

पट्टा आला. गुबैशानं तो उलगडून सगळ्यांना दाखवला. विणकाम कुणाचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. वाळूतल्या बाया एकमेकींचा हात दुरून ओळखतात, आणि पुरुष आपापल्या बायकांकडून शिकतात.

मुसब्बह आपल्या कपाळावरचं टेंगूळ दाबत म्हणाला, "म्हणजे दहावा तूच होतास? आणि आम्ही नऊ जण तुझ्या खुर्चीभोवती टाळ्या पिटत होतो?"

"आई, ऐक," हमूदचा आवाज बारीक झाला. "तीन पोरं आहेत मला. दोन दारांत कुठं बसवू? हौद्यात बसवली की पोलीस थांबवतात. गेल्या महिन्यात रय्या धाकट्याला मांडीवर घेऊन, दोघांना पायाशी कोंबून दवाखान्यात गेली. आणि तू... तू किती दिवस वाळूत राहणार आहेस? गुडघे बघ तुझे. मला वाटलं, गाडीच आली नाही, तर तू आपोआप..."

"आपोआप," गुबैशा म्हणाली. "त्या गिअरसारखी."

कुणीतरी हसलं.

तिनं पट्ट्याची घडी घातली. बद्रपाशी जाऊन त्याच्या हातांकडं पाहिलं. माफी मागायची तिची पद्धत नव्हती. "नखं तुझी स्वच्छच आहेत," ती म्हणाली, "पण आजपासून मला चालतील." मग ती लेकाकडं वळली. गुडघे दुखत होते, तरी ताठ उभी राहिली.

"हमूद, ऐक. पोरांसाठी चार दारं हवीत असं माझ्या तोंडावर बोलला असतास, तर पहिलं दार मीच उघडून दिलं असतं. नातवंडं माझी नाहीत का? पण तू माझा अंगठा कागदावर घेतलास आणि माझ्या पिल्लाचा पैसा दुसऱ्या गाडीत घातलास. दिवसा आमच्या मागण्या ओरडलास आणि शनिवारी हळूच स्वतःची घेतलीस. कंपनीवर मी वर्षभर संशय घेतला. ती बिचारी तू जे घेतलंस तेच बनवते. तिनं तुझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघितलं, आणि तिचं बरोबर होतं. आता माझा निकाल. ती गाडी रय्याची. चालवायला मी शिकवीन तिला. हा पट्टा माझ्या जुन्या गाडीत राहील. चेसी तडकली असेल, नियत नाही तडकलेली. मी वाळू सोडणार नाही. ज्या दिवशी माझी गाडी बसेल, त्या दिवसापासून सम्हाला चाऱ्यावर, डॉक्टरकडं, सिनाव गावाला, जिथं जायचं असेल तिथं न्यायचं काम तुझं. हौद्यात ती मावत नाही, हे तूच ठरवलंस. तेव्हा ही दोरी धर. ती मागं, तू पुढं, दोघंही पायी. आणि वाटेत कुणी विचारलं, चार दारांची गाडी असून चालत का निघालास, तर खरं सांग. तीनशे जणांना सांगितलंस त्यातलं एक तरी खरं होऊ दे."